हरल्यावर हातात काय उरतं? अलीकडे खेळलेल्या काही गेमबद्दल

सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलानं विचारलंय: "दादा, चार वर्षं बीजीएमआय खेळून आता कंटाळा आलाय. तुम्ही गेम बनवता, तर तुम्ही स्वतः अलीकडे काय खेळलात आणि ते कसं वाटलं ते सविस्तर सांगा. माझा लॅपटॉप साधा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. रात्री जेवणानंतर तासभर मिळतो. पुढे मलाही गेम बनवायचेत, तर सुरुवात कुठून करू?"

उत्तर लांबणार आहे, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मी गेम डिझायनर आहे. आधी पुण्यात नोकरी केली, आता सांगलीत विश्रामबागेतल्या घरातूनच काम चालतं. नवा गेम हातात आला की मी मुद्दाम लवकर हरतो. हरल्यानंतरच्या पहिल्या दहा सेकंदांत बनवणाऱ्यानं माझ्यासाठी काय ठेवलंय, ते मला बघायचं असतं. कुठल्याही गेममध्ये माणूस जिंकतो कमी आणि हरतो जास्त. बीजीएमआयसारख्या शंभर जणांच्या लढाईच्या सामन्यात तर जवळपास सगळेच हरतात. खेळणाऱ्याचा एवढा वेळ हरण्यात जाणार असेल, तर त्या हरण्यातून त्याच्या पदरात काय पडतं, यावर गेमची खरी किंमत ठरते. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत असं पक्कं झालंय, आणि खाली जे लिहितोय ते याच नजरेनं लिहितोय.

फुकट मिळणाऱ्या बऱ्याच मोबाइल गेमांत काय पदरात पडतं ते आधी सांगतो, कारण ते काम मी जवळून पाहिलंय. रंगीत गोळ्या जुळवायच्या गेममध्ये तू हरतोस तेव्हा पुष्कळदा एकदोन चालींनीच हरतोस. लेव्हल तशीच जुळवलेली असते. किती चाली द्यायच्या हे ठरवताना किती लोक अगदी थोडक्यात अडकतात याचे आकडे समोर असतात. मग पडद्यावर येतं, 'आणखी पाच चाली हव्यात?' आणि त्याखाली किंमत, नाहीतर जाहिरात बघण्याचं बटण. तिथे हरणं म्हणजे दुकानाचं दार. त्यातून तुला काही शिकता येऊ नये यातच विकणाऱ्याचा फायदा असतो, कारण शिकलास तर तू पैसे देणार नाहीस. बीजीएमआय त्यामानानं बरा. तो मुख्यतः कपडे आणि बंदुकीचे रंग विकतो, आणि चार मित्र एकत्र ओरडत खेळतात ही मजा मी कमी लेखत नाही. पण चार वर्षांत तुझे नकाशे पाठ झाले, हात बसला, आणि आता हरल्यावर रँकचे गुण जाण्यापलीकडे काही घडत नाही. तुझा कंटाळा तिथून आला असावा.

आता मी काय खेळलो ते.

मला सगळ्यात खोल भिडला तो 'आउटर वाइल्ड्स'. २०१९ मध्ये मोबियस डिजिटल या छोट्या स्टुडिओनं काढला. ॲलेक्स बीचम यानं तो युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात शिकत असताना पदव्युत्तर प्रबंध म्हणून सुरू केला होता. तुझ्यासारख्या शिकणाऱ्या मुलानं हे लक्षात ठेवावं म्हणून सांगतो. तू एका छोट्या सूर्यमालेतला अंतराळवीर. तुझं यान फळ्या आणि पत्रे ठोकून बनवल्यासारखं. साधारण २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सगळं संपतं आणि तू पुन्हा शेकोटीजवळ जागा होतोस. हत्यार मिळत नाही, पैसे मिळत नाहीत, ताकद वाढत नाही. पहिल्या उड्डाणाला जे यान असतं तेच शेवटच्या उड्डाणाला असतं. वाढतं ते फक्त तुला माहीत असलेलं. पहिल्याच दिवशी गेम संपवता येईल इतकी सगळी साधनं तुझ्याजवळ असतात, पण कुठे जायचं आणि काय करायचं हे ठाऊक नसतं. यानातल्या नोंदवहीत, म्हणजे शिप लॉगमध्ये, तुला कळलेल्या गोष्टी जोडल्या जातात. स्फोटातून वाचतं तेवढंच.

त्यात दोन जुळे ग्रह आहेत, ॲश ट्विन आणि एम्बर ट्विन. एकावरची वाळू सतत दुसऱ्यावर ओतली जाते. एम्बर ट्विनच्या गुहा हळूहळू भरत जातात आणि ॲश ट्विनवर गाडलेल्या इमारती हळूहळू उघड्या पडतात. कुठल्या मिनिटाला कुठली वाट बुजते आणि कुठली मोकळी होते, हे कळलं की तू पुढे सरकतोस. आपल्या सांगलीकरांना हे फार समजावून सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका, आणि पुढच्या प्रत्येक फुटाला पाणी कुठल्या गल्लीत शिरणार हे नदीकाठच्या माणसाला तोंडपाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा ते पाठांतरही अपुरं पडलं. आउटर वाइल्ड्समधलं ज्ञान याच जातीचं आहे. ते अंगावर एकदा आल्याशिवाय नीट कळत नाही, आणि एकदा कळलं की विसरत नाही.

बनवणाऱ्याच्या नजरेनं यातली एक गोष्ट मला अजून भारावून टाकते. हे ग्रह चित्रासारखे आकाशात चिकटवलेले नाहीत, ते खरोखर फिरत असतात आणि तू कुठेही असलास तरी त्यांचं फिरणं चालूच असतं. पण कॉम्प्युटरला मध्यबिंदूपासून फार लांबच्या जागा अचूक मोजता येत नाहीत. आकडा मोठा झाला की दशांशातली अचूकता जाते आणि वस्तू थरथरायला लागतात. यावर त्यांनी असा तोडगा काढला की खेळणाऱ्यालाच कायम मध्यबिंदूवर ठेवायचं आणि बाकीचं सगळं विश्व त्याच्याभोवती हलवायचं. तू ज्या ग्रहावर उभा असतोस तोही हिशेबात तुझ्याखालून सरकत असतो. खेळताना याचा पत्ताही लागत नाही.

उणीवही आहे. यान चालवायला शिकताना पहिली काही उड्डाणं वैतागाची जातात. काहींना गरगरतं. इंग्रजी वाचन भरपूर आहे. आणि हा गेम आयुष्यात एकदाच खेळता येतो, कारण सगळं कळल्यावर पुन्हा कळण्याजोगं काही उरत नाही. म्हणून कृपा करून यूट्यूबवर याचा एकही व्हिडिओ बघू नकोस. अडकलास तर दोन दिवस सोडून दे आणि परत ये.

याच जातीचा दुसरा म्हणजे 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन', २०१८ मधला. लुकास पोप या एकाच माणसानं बनवलेला. 'पेपर्स, प्लीज' हा सीमेवर पासपोर्ट तपासण्याचा प्रसिद्ध गेमही त्याचाच. १८०२ मध्ये निघालेलं एक व्यापारी जहाज १८०७ मध्ये इंग्लंडच्या फालमथ बंदरात निर्मनुष्य परत येतं. तू ईस्ट इंडिया कंपनीचा विमा तपासनीस. जहाजावरच्या ६० जणांपैकी प्रत्येक जण कोण आणि त्याचं काय झालं, हे तुला नोंदवहीत लिहायचं आहे. जवळ एक घड्याळ आहे. कुठल्याही प्रेताजवळ ते उघडलं की त्याच्या मरणाचा तेवढा क्षण गोठलेला दिसतो. चित्रं फक्त दोन रंगांत, जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यासारखी.

यातला सगळ्यात हुशार नियम असा: तुझी उत्तरं बरोबर असली तरी गेम लगेच सांगत नाही. तीन जणांची नावं आणि नशिबं एकाच वेळी बरोबर झाली की मगच ती तिन्ही पक्की होतात. एकेकाचं उत्तर लगेच तपासून दिलं असतं तर कुणीही अंदाज ठोकत बसला असता. तिघांची अट घातल्यामुळे अंदाजाला फार कमी वाव राहतो आणि तू खरंच विचार करायला लागतोस. कुणाची बोलण्याची ढब कशी, कोण कुणाच्या शेजारी उभा आहे, कुणाच्या अंगात कुठले कपडे आहेत. जहाजावर हिंदुस्थानी खलाशीही आहेत आणि त्यांना ओळखताना माझा जीव जरा जास्तच गुंतला. इथे हरणं असं नाहीच. चुकलास तर गेम गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यातून तुला कळतं की अजून नीट पाहिलं नाही. बोलणं पडद्यावर लिहून येतं, त्यामुळे उच्चार कळले नाहीत तरी अडत नाही.

आता 'बलाट्रो'. यावर जास्त लिहितो, कारण तुझ्या लॅपटॉपवर तो सहज चालेल आणि तुला पुढे गेम बनवायचे असतील तर यातून शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. बनवणारा कॅनडातला, 'लोकलथंक' या टोपणनावानं वावरतो, खरं नाव सांगत नाही. ५२ पत्त्यांचा कॅट, हातात आठ पानं, त्यातली जास्तीत जास्त पाच खेळायची. पोकरमधले जोडी, फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं, जसं सगळी बदाम), स्ट्रेट (ओळीनं पाच पानं) वगैरे हात त्यात आहेत, पण समोर प्रतिस्पर्धी कुणी नाही. ठरलेल्या हातांत ठरलेले गुण करायचे, एवढंच. गुणांचा हिशेब दोन आकड्यांचा गुणाकार असतो. एकाला चिप्स म्हणतात, दुसऱ्याला मल्ट.

पहिल्या फेरीचं लक्ष्य ३०० गुणांचं. समज तू राजांची जोडी खेळलास. जोडीचे मूळ चिप्स १० आणि मल्ट २. दोन राजांचे दहा-दहा मिळून चिप्स झाले ३०. तीस दुणे साठ. नेहमीचे चार हात असतात. चारही वेळा अशीच जोडी मिळाली तरी २४०, म्हणजे हरलास. आता फ्लश बघ. मूळ चिप्स ३५, मल्ट ४. पानं राजा, दहा, आठ, सहा, तीन असली तर त्यांचे ३७. एकूण ७२ गुणिले ४, म्हणजे २८८. थोडक्यात राहिलं. तीच एक्का, राजा, नऊ, सात, चार असती तर (एक्क्याचे ११ धरून) ७६ गुणिले ४, म्हणजे ३०४, आणि एका हातात फेरी पार. हे आकडे असे काठावर ठेवणं सोपं नाही. पहिल्याच फेरीत खेळणाऱ्याला कळतं की जोड्या खेळत बसून भागणार नाही, पानं टाकून फ्लश जमवावा लागेल, आणि हे कुणी समजावून सांगत नाही.

मग गेममधल्या दुकानात जोकर, म्हणजे हिशेब बदलणारी खास पानं, मिळतात. एकूण दीडशे प्रकारचे, एका वेळी जवळ पाच ठेवता येतात. अगदी साधा जोकर मल्टमध्ये ४ मिळवतो. तीच राजांची जोडी आता ३० गुणिले ६, म्हणजे १८०. तिप्पट! दुसरा एक जोकर जोडी असेल तर मल्ट दुप्पट करतो. दोन्ही जवळ असले तर प्रश्न येतो, आधी कुठला ठेवायचा? हिशेब डावीकडून उजवीकडे होतो. आधी बेरीज मग दुप्पट केलं तर २ आणि ४ सहा, त्याचे बारा, म्हणजे ३६०. आधी दुप्पट मग बेरीज केलं तर चार आणि चार आठ, म्हणजे २४०. पानं तीच, जोकर तेच, फक्त जागा बदलली. शाळेतला पदावलीचा नियम इतक्या रंगतदारपणे कुठल्या मास्तरांनी शिकवल्याचं मला आठवत नाही.

साध्या पातळीवर आठव्या टप्प्याच्या शेवटच्या फेरीचं लक्ष्य एक लाखाचं असतं. ३०० पासून एक लाखापर्यंत बेरजेनं पोचता येत नाही, गुणाकारच लागतो, आणि हे उमगलं की तुझी खेळण्याची पद्धत बदलते. हरलास की तो सगळा डाव जातो. जोकर जातात, पैसे जातात. हातात उरते ती समज, की अमुक जोकर तमुकबरोबर लावला असता तर पार झालो असतो. म्हणूनच पुन्हा सुरू करावंसं वाटतं. तुझ्याकडे तासच असेल तर इथे सांभाळ, कारण 'अजून एक डाव' करता करता रात्र जाते. डाव मध्येच सोडून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे खेळता येतो, ती सोय वापर.

घरी पत्ते दिसले की आई-वडील विचारणार, पैसे लावतोस का? त्यांना नीट सांग. यात खरे पैसे कुठेच नाहीत. एकदा विकत घ्यायचा, पुढे काही विकत घ्यावं लागत नाही. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्याचा याच्याशी संबंध नाही. युरोपातल्या वय ठरवणाऱ्या संस्थेनंही आधी याला १८ वर्षांवरचा ठरवलं होतं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते १२ वर आणलं. बनवणाऱ्यानं तर स्वतःच्या मृत्युपत्रात लिहून ठेवलंय की या गेमचे हक्क कुठल्याही जुगाराच्या कंपनीला कधीच विकता येणार नाहीत. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

'स्टारड्यू व्हॅली' मी पुन्हा नव्यानं खेळलो, २०२४ मधल्या १.६ या आवृत्तीनंतर. एरिक बॅरोन यानं साडेचार वर्षं एकट्यानं खपून २०१६ मध्ये काढलेला शेतीचा गेम. चित्रं, संगीत, कोड, सगळं त्याचंच. चार ऋतू, प्रत्येक २८ दिवसांचा. सकाळी सहाला उठायचं, पाणी घालायचं, गावात फिरायचं, रात्री झोपायचं. गेममधला एक दिवस खऱ्या वेळात चौदा-पंधरा मिनिटांत संपतो, म्हणजे तुझ्या तासाभरात चार दिवस होतात. मात्र गेम सेव्ह झोपल्यावरच होतो, दिवस अर्धा सोडून उठू नकोस.

माझ्या मामांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे, त्यामुळे या गेममधली द्राक्षं मी जरा बारकाईनं पाहिली. शरद ऋतूत रोप लावायचं, दहा दिवसांत फळ, पुढे दर तीन दिवसांनी तोडणी. मांडवाचं पीक असल्यामुळे त्यातून चालत जाता येत नाही, वळसा घालावा लागतो. हे अगदी खरं! १.६ मध्ये फळं सुकवायचं यंत्र आलं. त्यात पाच द्राक्षं टाकली की दुसऱ्या दिवशी बेदाणा तयार. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा पडद्यावर बेदाणा बघून मला झालेला आनंद तुला समजेल.

आता काय गाळलंय ते बघ. मामांच्या बागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. त्यानंतर अवकाळी पाऊस आला की डाऊनी या बुरशीरोगाची धास्ती, घडकूज, फवारणीचा खर्च. सगळ्यातून माल वाचला तरी सौद्यात दर काय निघेल ते आदल्या दिवशीपर्यंत ठाऊक नसतं. स्टारड्यूमध्ये पावसानं घड कुजत नाहीत आणि दर ठरलेला असतो. पेटीत माल टाकला की सकाळी पैसे. कुणी म्हणेल, शेतीची ही खोटी ओळख आहे. मला ती विचारपूर्वक केलेली निवड वाटते. त्याला कष्ट आणि फळ यांच्यातलं नातं दाखवायचं होतं, म्हणून त्यानं मधली अनिश्चितता काढून टाकली. ऋतू संपला की उभं पीक वाळून जातं, ही मोठी जरब ठेवली, आणि ती आधीच माहीत असल्यामुळे तिच्यात अन्याय नाही. पण मामांना शेजारी बसवून दाखवलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न आला, "ह्यात दलाल कुठाय?" तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. दर पडलेल्या वर्षाचा, कर्जाच्या हप्त्याचा, सौद्याच्या सकाळचा गेम बनू शकतो, आणि तो सांगलीच्या माणसानंच बनवायला हवा असं मला मनापासून वाटतं.

'सेलेस्ट' हा २०१८ मधला उड्या मारत डोंगर चढायचा गेम. कठीण आहे. पण मेलास की क्षणार्धात त्याच पडद्याच्या सुरुवातीला परत उभा, मध्ये कसली वाट बघायला लावत नाही. हरण्याची शिक्षा इतकी लहान केली की खेळणारा धीट होतो. यातल्या नायिकेच्या हालचालींचा कोड बनवणाऱ्यांनी सगळ्यांना बघायला खुला ठेवलाय, तो जरूर वाच. कड्यावरून पाय निसटल्यावरही सेकंदाच्या एक दशांश भागापर्यंत उडी मारता येते. डोळ्याला वाटतं आपण काठावरूनच उडी मारली. खेळणाऱ्याच्या नकळत त्याला सांभाळून घेणारे असे कितीतरी बारकावे त्यात आहेत. शिवाय ज्याला अवघड जातं त्याला गेमचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो, आणि त्याबद्दल गेम त्याला कमी लेखत नाही.

'हेडीस' (२०२०) मध्ये ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या राजाचा मुलगा घर सोडून पळायला बघतो, दर वेळी मरतो आणि दर वेळी वडिलांच्याच दारात परत येतो. परत आल्यावर घरातली माणसं त्याच्याशी नवं काहीतरी बोलतात. गोष्ट पुढे सरकते ती मरणातूनच. त्यात एक सोय आहे, गॉड मोड. ती चालू केली की तुझ्यावर बसणारा मार २० टक्क्यांनी कमी होतो आणि पुढे प्रत्येक मरणामागे आणखी २ टक्क्यांनी, ८० टक्क्यांपर्यंत. किती सुंदर नियम! जितका हरशील तितका गेम तुझा हात घट्ट धरतो. दुसरा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण रूपात आला. तो आणखी मोठा आहे, पण तू पहिल्यापासूनच सुरू कर.

'राजी: ॲन एन्शंट एपिक' पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० मधला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली सर्कशीतली मुलगी, हातात दुर्गेचा त्रिशूळ. महालांच्या भिंती, चित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेल्या कथा, हे सगळं डोळे निववणारं. (सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिल्या असशील तर तुला ते जास्तच आवडेल.) लढाई मात्र सैल वाटते. मेलास तर पुन्हा तेच, तसंच. का मेलो हे नीट कळत नाही. शेवटही अचानक येतो. तरीही खेळ, कारण आपल्या राज्यातल्या लोकांनी किती उंची गाठलीय ते दिसतं.

'वेनबा' (२०२३) छोटा आहे, दोन रात्रींत संपेल. १९८० च्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईच्या फाटक्या पाककृतींच्या वहीतून पदार्थ जुळवायचे. पहिलाच पदार्थ इडली. इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक कशा ठेवायच्या, हेच कोडं. आपल्या घरच्या कुणालाही शेजारी बसव, त्या माणसाला गेम म्हणजे काय ते पाच मिनिटांत कळेल.

'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३' सगळे विचारतात म्हणून सांगतो. २०२५ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम ठरलेला फ्रेंच गेम. तुझ्या लॅपटॉपवर चालणार नाही. मला त्यातली एकच कल्पना सांगायचीय: मोहिमेवर आधी गेलेल्या आणि नाश पावलेल्या तुकड्यांनी मागे नोंदी ठेवल्यात, चढायला आधार ठोकून ठेवलेत, आणि तुझी तुकडी त्यांच्यावरून पुढे जाते. लढाया मला थोड्या लांबल्यासारख्या वाटल्या, पण ही कल्पना थोर आहे.

लॅपटॉपचं म्हणशील तर ८ जीबी रॅम असेल तर बलाट्रो, स्टारड्यू, सेलेस्ट आणि वेनबा निर्धास्त घे. ओब्रा डिनही बहुतेक चालेल. हेडीस सेटिंग कमी करून चालावा. आउटर वाइल्ड्सला ग्राफिक्स कार्ड लागतं, तो मित्राच्या मशीनवर किंवा नोकरी लागल्यावर. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात सेल लागतातच, तोवर थांबायला हरकत नाही. विकत घेऊन दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील आणि चौदा दिवस झाले नसतील तर पैसे परत मागता येतात, म्हणून पहिल्याच रात्री मशीनवर नीट चालतो का ते बघून घे. सुरुवात बलाट्रोनं कर, त्यानंतर ओब्रा डिन.

गेम बनवायचं म्हणशील तर कॉम्प्युटर उघडायच्या आधी बाजारातून पत्त्यांचा एक कॅट आण. वर दिलेले बलाट्रोचे नियम कागदावर उतर: ३०० चं लक्ष्य, चार हात, जोडीचे १० आणि २, फ्लशचे ३५ आणि ४. तीन वेळा पानं बदलायची मुभा. दोन मित्रांना खेळायला बसव आणि तू फक्त बघ. कुठे ते कंटाळतात, कुठे हिशेब चुकतो, हरल्यावर पत्ते टाकून उठतात की 'थांब, परत वाट' म्हणतात. मग एकच नियम बदल, लक्ष्य २५० कर किंवा एक जोकर दे, आणि पुन्हा बघ. काय बदललं ते लिहून ठेव. एका वेळी दोन नियम बदललेस तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

ते जमलं की मगच कोड. बलाट्रो 'लव्ह' नावाच्या मोफत चौकटीत, म्हणजे गेम बांधायच्या तयार सांगाड्यात, लुआ भाषेत लिहिलाय. तुला सी किंवा पायथन येत असेल तर लुआ आठवडाभरात हाताखाली येईल. चित्रं हलवायची, नकाशे बांधायचे असतील तर गेम बनवायचं गोडो इंजिन घे, तेही मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. पहिला गेम एका पडद्याचा, एका नियमाचा आणि पाच मिनिटांत हरता येईल असा कर. तो झाला की मला पाठव. मी आधी मुद्दाम हरेन आणि मग काय दिसलं ते सविस्तर कळवेन.